थांबायची एक, निघायच्या दोन

लग्नानंतरचं देवदर्शन राहून गेलं होतं, म्हणून आम्ही निघालो. एवढं साधं कारण होतं. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या पाया पडल्याशिवाय नव्या जोडप्यानं कुठं फिरायला जायचं नाही, अशी आमच्या सासरची रीत आहे. योगीराज, माझे मिस्टर, यांना मात्र दोन्ही एकदमच उरकायचं होतं. त्यांनी एक जुनी डिझेल मिनीबस घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं होतं. सीटा काढून आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. पुढं ती पर्यटकांना भाड्यानं द्यायची. पहिली फेरी देवीला. सोबत मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

गाडीतली एक जुनी वस्तू त्यांनी हौसेनं तशीच ठेवली होती. मागच्या दाराजवळ एक बटण आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बेल, एसटीत असते तशी. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं.

येडशी गाव मागं पडलं आणि बेल वाजली. एकदाच.

योगीराजांनी गाडी कडेला घेतली. "काय गं आई, मळमळायलंय का?"

"म्या कशाला वाजवू? तुझ्या बायकोला इचार."

मी पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी धरून खाली बसले होते. आत्याबाईंना ते दिसत होतं.

"मी नाही वाजवली," मी म्हणाले.

"मग गाडीनं सोताच वाजवली आसंल. घरात लक्ष्मी आली की गाडी पळती म्हणं. थांबली तर कोण आलंय, तूच बघ बाबा."

योगीराज हसले. मीही हसले. नव्या सुनेला हसण्याचं काम बरंच असतं.

थोडं पुढं गेल्यावर बेल पुन्हा वाजली, एकदा, आणि या वेळी तिच्यासोबतच इंजिन बंद पडलं. गाडी आपल्याच वेगात घरंगळत जुन्या रस्त्याच्या एका तुकड्यावर जाऊन थांबली. नवा चौपदरी झाल्यावर टाकून दिलेला तुकडा. डांबराच्या भेगांतून कुसळं उगवलेली, कडेला एक बाभूळ. वरून ट्रक जात होते. त्यांचा आवाज यायचा, पण मधल्या भरावामुळं ट्रक एकही दिसत नव्हता. दुपार डोक्यावर होती. गाडीत तापलेल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास कोंडला होता.

चावी फिरवली की नुसतं टक्. पुन्हा टक्.

योगीराजांनी बॅटरीची टर्मिनलं घासली, आवळली. मीटर लावला. बॅटरी भरलेली. फिल्टरवरचा हातपंप मारून पाहिला. डिझेल येत होतं, हवा नव्हती. एकेक फ्यूज काढून उन्हात धरला. एकही जळलेला नव्हता.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. नातेवाइकांना बाहेर बसायला सांगताना डॉक्टरांचा जो आवाज असतो, तो आवाज.

मग त्यांचा राग बेलवर निघाला. तिच्याच वायरीत शॉर्ट असणार म्हणाले. पकडीनं दोन्ही वायरी तोडल्या, स्क्रू काढले आणि बेल माझ्या मांडीवर टाकली.

"घे. आता वाज म्हणावं."

राहिला स्टार्टर. तो बघायला गाडीखाली शिरावं लागणार होतं. त्यांनी बॅटरीची केबल काढून बाजूला बांधली, म्हणजे आता गाडीत करंटच नव्हता. गाडीचं तोंड उताराकडं होतं, म्हणून रिव्हर्स गियर टाकून ठेवला. मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"चाकांना दगड लावू का?" मी विचारलं.

"मी सांगितलंय का? नुसती बस. कशाला हात लावू नकोस."

मी बसले. मांडीवर बेल, शेजारी पाना. ते पलीकडच्या बाजूनं, पुढच्या चाकाच्या मागून आडवे आत शिरले. छाती गाडीखाली, पाय बाहेर रस्त्यावर. त्याच बाजूला बाभळीखाली आत्याबाई पिशवी घेऊन बसल्या होत्या, लेकाच्या पायांकडं तोंड करून. गाडी हातभर जरी मागं आली असती तरी चाक योगीराजांच्या छातीवरून गेलं असतं. पण ती कशी येणार? हातोडीचे ठोके सीटखालून माझ्या पाठीला लागत होते. ठक... ठक...

ठोके थांबले.

माझ्या मांडीवर बेल वाजली. दोनदा.

ती वाजताना माझं हाड थरथरलं, ते मला अजून आठवतं. तुटक्या वायरींची दोन टोकं माझ्या पातळावर लोंबत होती.

आणि इंजिन चालू झालं. खोकत, धडपडत नाही. रस्त्यावर पळत असताना असतं तसं, गरम, सुरळीत. गाडी मागं सरकली.

मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. हँडब्रेक ओढला, तो कापडासारखा सैल. इंजिन बंद करायची केबल ओढली, ती अख्खी माझ्या हातात आली.

खालून योगीराजांचा आवाज आला. "सोड... निकिता, सोड मला... सोड..."

मी काय धरलं होतं? तुटलेली केबल. गाडी अजून सरकत होती, सावकाश, जाणूनबुजून. ही कुणाचं तरी ऐकते आहे, एवढंच माझ्या मनात आलं. मी पाना उचलला आणि बेलवर मारला.

एकदाच.

इंजिन थांबलं. गाडी थांबली. वरून ट्रक गेल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

योगीराज बाहेर आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बाही चाकाखाली अडकून फाटली होती. मी उतरून धावत पलीकडं गेले. त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"पाय का धरले होतेस?"

"मी वर होते. सीटवर."

"मी निघत होतो. आवाज आला तसा निघत होतो. तू दोन्ही पाय दाबून धरलेस. बांगड्या वाजत होत्या तुझ्या."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. इतकं सरळ त्यांच्याकडं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना सगळं दिसत होतं: मी कुठं होते ते, आणि पायांशी कोण होतं तेही.

"ऊन डोळ्यावर आलं हुतं," त्या म्हणाल्या. "मला काय दिसलं न्हाय."

मग त्यांनी पदर कपाळापर्यंत ओढला.

योगीराजांनी पँट वर केली. दोन्ही घोट्यांवर मेंदी लागली होती. ओली, हिरवी, ओघळणारी, पाच-पाच बोटांची. त्या उन्हात ती सुकलीही नव्हती. माझ्या हातावरची लग्नातली मेंदी केव्हाच उतरली होती, नखांच्या टोकाला तेवढा रंग राहिला होता. मी तळवे पुढं केले. त्यांनी पाहिले आणि मान फिरवली.

गाडी तिथंच सोडून आम्ही एसटीनं येरमाळ्याला गेलो. देवळाबाहेरच्या नळावर आत्याबाईंनी स्वतःच्या पदरानं लेकाचे पाय चोळले. हिरवं निघालं. खाली रंग बसला होता.

तेव्हापासून आत्याबाई मला टोचून बोलत नाहीत. काही बोलतच नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की त्या हातातलं काम टाकून बाहेर येतात. योगीराज घरातही मोजे घालतात, भर उन्हाळ्यात, आणि झोपताना पाय भिंतीकडं करतात.

मेंदी आठ-पंधरा दिवसांत उतरते. ही उतरलेली नाही. परवा पहाटे त्यांना गाढ झोप लागली होती, तेव्हा मी चादर जरा वर केली. घोटे स्वच्छ होते. बोटं आता गुडघ्याच्या वर आली आहेत, आणि रंग ताजा आहे.

मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ते आधी माझे हात बघतील.