टोपलीतला पाचवा फोन

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आम्ही घरात नियम केला. संध्याकाळी पाच ते सात सगळ्यांचे फोन बंद करून स्वयंपाकघरातल्या पावाच्या टोपलीत. सगळ्यांचे म्हणजे माझा आणि इल्क्काचाही. नवऱ्याला सोडलं असतं तर थोरलीने ऐकूनच घेतलं नसतं. "बाबा आंघोळीलासुद्धा फोन नेतो, त्याचं काय?" हे हिल्लाने आधीच विचारून ठेवलं होतं.

हिल्ला तेरा वर्षांची, पिह्ला नऊची. पहिला आठवडा दारं आपटण्यात गेला. "तुरुंगातसुद्धा फोन करू देतात," हिल्ला म्हणाली.

"मग तिथे जा. इथल्यापेक्षा सूप पातळ असतं म्हणे," इल्क्का म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात पत्ते निघाले. शनिवारचा वाफेच्या खोलीतला सौना तासभर लांबला, कारण कोणालाच बाहेर पडायची घाई नव्हती. रौमा गावातल्या आमच्या गल्लीत सातलाही समोरच्या पिवळ्या लाकडी भिंतीवर ऊन असायचं आणि खिडकीशी दोघी बहिणी डोक्याला डोकं लावून विणत बसायच्या. असं सुख घरात बऱ्याच वर्षांत आलं नव्हतं.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटलीवर चिठ्ठी नसेल तर त्या पाण्याबद्दल मी अवाक्षर काढत नाही. पुढचंही तसंच सांगते, जे पाहिलं तेवढंच.

तिसऱ्या मंगळवारी टोपलीत पाच फोन होते.

पाचवा जुना होता, काच एका कोपऱ्यात तडकलेली. पिह्लाची एखादी मैत्रीण विसरून गेली असेल, असं मला वाटलं. सातला आम्ही आपापले फोन घेतले, तो तिथेच राहिला. सकाळी नव्हता.

बुधवारी पाचला पुन्हा होता.

गुरुवारी मी टोपलीसमोर खुर्ची टाकून बसले. चार फोन माझ्या डोळ्यांदेखत पडले. दूध उतू जाईल म्हणून मी शेगडी बंद करायला वळले, तेवढ्यात पाचवा आलेला होता. हातात घेतला तर कोमट होता, कोणाच्या तरी खिशातून आत्ताच काढल्यासारखा.

"हा कोणाचा गं?"

"तिचा," पिह्ला विणकामातून मान वर न करता म्हणाली. "तिच्याही घरी हाच नियम आहे."

"तिच्या म्हणजे कोणाच्या?"

पिह्लाने हिल्लाकडे पाहिलं. दोघी हसल्या. टाके मोजायचे राहिले म्हणून पुन्हा खाली वाकल्या.

सातला त्या फोनचा पडदा उजळला. 'आई' या नावाने निरोप होता: दोन तास झाले. आता घरी ये.

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कुठेतरी आणखी एक बाई माझ्यासारखीच घड्याळाकडे बघत होती. रोज सातला तोच निरोप यायचा. मी तो वाचायचे आणि फोन पालथा ठेवायचे. इल्क्काला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोणाचं पोर आहे ते कळलं तर सूप प्यायला बोलाव."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी निरोप वेगळा होता.

आज त्या दोघींनाही घेऊन ये. जेवण वाढलंय.

मी मान वर केली. खिडकीशी कोणी नव्हतं.

दोघी दाराजवळ होत्या. हिल्ला बुटांच्या नाड्या बांधत होती. पिह्लाने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली होती.

"कुठे निघालात?"

"जेवायला," पिह्ला म्हणाली. मला माहीतच असणार, अशा आवाजात.

त्या फोनवर मी पहिल्यांदाच काही लिहिलं: माझ्या मुली इथेच जेवतील.

उत्तर लगेच आलं.

बरं. मग मीच येते.

मुलींनी ते वाचलं नव्हतं. तरी दोघींनी निमूट बूट काढले, जाकिटं खुंटीला लावली आणि हात धुवायला गेल्या. बाहेर पायऱ्यांवर कोणीतरी बुटांचा चिखल झटकत होतं, सावकाश, घरचं माणूस झटकतं तसं. इल्क्काने दार उघडलं. मग तो शेगडीपाशी परत आला आणि काही न विचारता सूप वाढू लागला.

त्याला आता तीन आठवडे झाले. नियम चालू आहे. दारं आपटत नाहीत, मुली अभ्यासाला आपणहून बसतात, माझ्या अंगावरचं काम निम्मं झालंय. एवढं स्वस्थ घर गल्लीत दुसरं नसेल.

काल मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. अंगणातून पिह्लाने हाक मारली, "आई!"

आम्ही दोघींनी ओ दिली.