हरेल त्यानं आधी बोलायचं

पाऊस नव्हता. गार वारा नव्हता, मोगरा नव्हता… प्रेमाच्या गोष्टीला लागतं तसलं काही म्हणजे काही नव्हतं. नांदेड-लातूर एसटी चाकूरच्या अलीकडं एका धाब्यावर चहाला थांबली होती, ऊन डोकं भणाणून सोडत होतं, आणि बुद्धप्रिया सोनकांबळे चहा सोडून समोरच्या दोन गाड्यांकडं बघत उभी होती. आपण त्या दिवशी त्या एसटीत चढलोच नसतो तर, असं पुढं तिनं किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

तशा गाड्या या रस्त्याला कोण आणतंय हो! हैदराबादची कुणी शौकीन मंडळी फिरायला निघालेली. एक गाडी निळी, लांब नाकाची, इटलीची. दुसरी चंदेरी, मागून गुबगुबीत, जर्मनीची. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या, नांदेडात मेकॅनिकल शिकणाऱ्या प्रियानं असल्या गाड्या फक्त मोबाइलवर पाहिलेल्या. ती चंदेरीच्या मागं जाऊन वाकली अन् स्वतःशीच पुटपुटली, "बाप रे… इंजिन खरंच मागं हाय."

"चुकून ठेवलंय ते तिथं," पाठीमागून कुणीतरी बोललं.

ती गर्रकन वळली. उंच, सावळा पोरगा. हातात भजी, डोळ्यांत हसू.

"चुकून?"

"न्हाई तर काय! बैल गाडीच्या पुढं जुंपत्यात का मागं?"

"बैल ओढतो. हे ढकलतं," प्रिया कडाडली. "सगळा भार मागच्या चाकांवर, म्हणून सुटताना चाकं जाग्यावर फिरत न्हाईत. तुमची ती निळी नुसती नाकाड हाय."

त्याचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडं गेला. नाक चांगलंच लांब होतं. प्रियाला फस्सकन हसू आलं, आणि मग तोही हसला… तेवढ्यात कंडक्टर ओरडला, दोघं पळाले, आणि दोघं एकाच दाराशी येऊन धडकले. नांदेडपासून ती पुढच्या सीटवर होती अन् हा पार शेवटच्या.

"बसायला मात्र उलटंच बसलोय आपण," तो म्हणाला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. विचारलंसुद्धा नाही.

आदर्श वाघमारे. घर चाकूरला, आई सरजाबाई अंगणवाडीत, कॉलेज लातूरला. तिचं आडनाव ऐकल्यावर त्यानं हसून "जयभीम" केला, अन् तो करताना तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. लातूर येईपर्यंत दोघं भांडत होते. जगातले गाडीवेडे असेच दोन तटांत भांडतात. कुणाला इंजिन नाकात हवं, कुणाला शेपटात. मधोमध ठेवणारे तिसरे, त्यांना या दोघांनी हिशोबातच धरलं नाही.

मग फोन सुरू झाले. तो कुठल्या तरी शर्यतीतला नुसता आवाज पाठवायचा. इंजिन पुढं का मागं, तिनं ओळखायचं. "काय करून राहिली?" असं विचारायचा आणि उत्तराला उशीर झाला की रुसायचा. एकदा तो बोलून गेला, "लई भांडलो बघ. आपल्या पुढच्या गाडीचं इंजिन मधोमध ठेवू. झालं?"

"आपल्या?"

"म्हणजे… तुझ्या. माझ्या. कुणाच्याबी!"

त्या रात्री ती पोरगी उशीत तोंड खुपसून हसत होती. पण बोलली का? न्हाई! हट्टी मेली. आणि तोही तसलाच. शेवटी दोघांनी भंगारातल्या दोन चिमुकल्या गाड्या घेतल्या. तिच्या गाडीला इंजिन मागं, त्याच्या गाडीला पुढं. छप्पर उतरवलं, लोखंडी पाइपांचे पिंजरे बसवले आणि आपापल्या कॉलेजातली पोरं हाताशी धरून त्यांच्या शर्यतीच्या गाड्या केल्या. लातूरबाहेरच्या एका माळावर कॉलेजांचा मेळा भरणार होता. तिथं सोक्षमोक्ष.

"पैज काय?" तिनं विचारलं.

 तो म्हणाला, "हरेल त्यानं आधी बोलायचं."

"काय बोलायचं?"

"तुला ठाऊक हाय काय ते."

होतं की ठाऊक. दोघांनाही होतं. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?

माळावरच्या फेऱ्यांत एकदा ही पुढं, एकदा तो. बरोबरी झाली. गाडी जिंकली का चालवणारा, हे कळावं म्हणून प्रियानंच तोड काढली: शेवटच्या फेरीला गाड्या बदलायच्या. हिची त्यानं घ्यायची, त्याची हिनं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आदर्शला तर हे भलतंच आवडलं. शर्यतीच्या गाड्या तपासणारा ड्रायव्हर होणं हे त्याचं लहानपणापासूनचं वेड, आणि पुण्याकडच्या एका कंपनीच्या निवडीत तो शेवटच्या टप्प्यावर येऊन ठेपला होता. कुठल्याही गाडीत बसायला तो एका पायावर तयार असायचा.

"वळणात पाय काढू नको बरं," हेल्मेटचा पट्टा ओढत तिनं बजावलं. मागं इंजिन असलेल्या गाडीचं तसंच असतं. वळणात पाय काढला की मागचा सगळा भार भिरकावला जातो. तिथं अ‍ॅक्सिलरेटर दाबूनच ठेवायचा. पुढं इंजिन असलेलीचं नेमकं उलटं. जोरात घेतली तर नाक वळणाबाहेर धावतं, आणि पाय काढला की शहाण्यासारखी आत येते.

"अन् तू माझ्या गाडीत पाय काढ बरं," तो म्हणाला आणि तिच्या हेल्मेटवर टिचकी मारून गेला. ठाऊक सगळं होतं दोघांना. पण डोक्याला ठाऊक असणं वेगळं आणि पायाला ठाऊक असणं वेगळं.

शेवटच्या वळणावर प्रिया पुढं होती. गाडीचं नाक बाहेर धावायला लागलं, ती घाबरली, आणि तिच्या पायानं तेच केलं जे तो तिच्या स्वतःच्या गाडीत महिनोन्‌महिने करत आला होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. गाडी वळायची सोडून सरळ बाहेर गेली, आदर्शच्या वाटेत आडवी. मागून येणाऱ्या आदर्शला समोर प्रिया दिसली आणि त्याच्याही पायानं तेच केलं जे तो आजवर करत आला होता. पाय निघाला. चंदेरी रंग दिलेली प्रियाची गाडी भोवऱ्यासारखी फिरली, माळाच्या बांधावर आदळली आणि कुशीवर पडली.

धुरळा बसल्यावर प्रिया पळत पोचली तेव्हा तो शुद्धीत होता. "तुला लागलं का?" एवढंच विचारत होता. त्याचा उजवा पाय पेडलांच्या चुरगळलेल्या लोखंडात अडकला होता.

पाय वाचला, म्हणजे अंगाला राहिला. घोटा मात्र कायमचा आखडला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चालशील, पण असली गाडी या पायानं पुन्हा नाही. पुण्याकडचं ते बोलावणं गेलं. चौकशीला आलेल्या प्रत्येकाला आदर्श सांगायचा, "माझाच पाय चुकला." प्रियाचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही, आणि त्यानंच तिचा जीव आणखी जळायचा.

दर रविवारी ती मुदखेडहून चाकूरला जायला लागली. डबा न्यायची, त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आणायची. तो हसायचा, कधी चेष्टाही करायचा. पण गाड्यांचा विषय निघत नव्हता. त्याच्या फोनवरून आता कसलाच आवाज येत नव्हता. तिला वाटायचं, एकदा भांडावं यानं. शिव्या द्याव्यात. एक दिवस तिनंच विषय काढला.

"त्या कंपनीत मीबी तवा अर्ज टाकला होता. आता त्यांनी मला बोलावलंय," ती खाली बघत म्हणाली. "तुझ्या जागेसाठी. मी न्हाई म्हणून कळवलं."

आदर्श पांढरा पडला. "का?"

"असंच."

"माझा पाय गेला म्हणून तू घरी बसणार?"

"न्हाई रे… तुझ्याजवळ राहायचंय म्हणून." आणि मग एवढ्या महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मला तू आवडतोस, आदर्श. त्या धाब्यापासून आवडतोस. पैजेत हरले म्हणून म्हणत न्हाई, खरं म्हणून म्हणते. मला तुझ्याशी लग्न करायचंय."

 बाहेर कुणीतरी नळावर घागर भरत होतं. मग त्यानं तिचा हात हातात घेतला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिला वाटलं, झालं… सुटलो आपण.

"एक विचारू? खरं सांगशील?" तो म्हणाला. "माझा पाय धड असता, तर तू त्या नोकरीला न्हाई म्हणाली असतीस?"

तिनं तोंड उघडलं. हो म्हणावं, पटकन म्हणावं… पण त्याच्यासमोर तिला खोटं कधीच बोलता आलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "गेले असते. अन् तुलाबी घेऊन गेले असते."

"बघ." त्याचे डोळे भरले. "मला बी तू लई आवडतीस, प्रिया. रोज वाटतं, तू म्हणशील. आज म्हणालीस… अन् मला ते माफी मागितल्यासारखं ऐकू आलं. तुझी चूक न्हाई. पण तू डबा आणशील तवा, हात धरशील तवा, मला तेच ऐकू येणार. अन् तुला माझ्याकडं बघितलं की तो बांध दिसणार. दिसतो ना?"

दिसत होता. 

"मग असं जन्मभर कसं राहायचं? कंपनीला फोन कर. हो म्हण."

"अन् तू?"

"मी हाय की हितं," तो म्हणाला आणि हात सोडला. हळूच सोडला, राग नव्हता त्यात. राग असता तर ती भांडली असती, रडून-ओरडून तिथंच बसून राहिली असती. आता भांडायचं तरी कुणाशी?

ती खोलीतून बाहेर आली. सरजाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी चहाचा कप पुढं केला, तिच्या तोंडाकडं बघितलं आणि जवळ सरकल्या.

"काय म्हणाला गं? वंगाळ बोलला का?"

"न्हाई मावशी. लई चांगलं बोलला."

"मग बस की निवांत. एवढी घाई कसली?" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "पुढल्या रविवारी येताना तुझ्या आईला बी घेऊन ये. बोलून टाकू एकदाचं. पोरगं तुझ्यासाठी झुरतंय, मला काय दिसत न्हाई का?"

प्रियानं कप दोन्ही हातांत घट्ट धरला. चहा गरम होता, हात भाजत होते.

"हाव मावशी," ती म्हणाली, कारण त्या बाईला न्हाई म्हणायची ताकद तिच्यात उरलीच नव्हती.