ताउनोची तबली

आमच्या कुह्मो गावातल्या शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात दर बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ आम्ही सात जण गिटारी बनवतो. पोटापाण्यासाठी नाही, हौस म्हणून. लाकूड आपापलं, हत्यारं शाळेची, आणि साडेसहाला कॉफी. एक गिटार पुरी व्हायला दोन हिवाळे जातात.

मी ओस्मो केम्पाइनेन, वय त्रेसष्ट. चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासण्यात घालवली. मीटरशी खेळ केलेला माणूस दार उघडल्या उघडल्या आधी कॉफी विचारतो, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. म्हणून जे सांगतो ते मोजून सांगतो. आणि यात माझी शोभा नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

गिटारीची वरची पातळ फळी म्हणजे तबली. सगळा आवाज तिचा. बाकीचं लाकूड तिला नुसतं धरून असतं. माझ्या शेजारच्या बाकावर ताउनो पीराइनेन बसायचा. त्याची तबली त्याच्या स्वतःच्या रानातल्या स्प्रूसची होती. नात जन्मली त्या हिवाळ्यात त्याने ते झाड पाडलं, फाडलं, आणि सौनाच्या, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीच्या, माळ्यावर सोळा वर्षं सुकवलं. गिटार त्या नातीसाठीच होती, सिल्यासाठी. तबलीच्या मधल्या भोकाजवळ राळेची एक तपकिरी रेघ होती, नखाएवढी. मेर्वी, आमची शिक्षिका, म्हणायची ती रेघ कापून टाका. ताउनो म्हणायचा, "राहू दे गं. झाडाला पण एखादा व्रण असावा."

त्याच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे तो तबलीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने नोंद ठेवायचा. तारीख, मिलिमीटरमध्ये जाडी आणि पुढे एक शब्द: चालू. दर बुधवारी तेवढंच. बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचा, कान लावायचा, विचारायचा, "काय म्हणतेस?" आणि मग किसायला घ्यायचा. "हे लाकूड दोन पॉइंट तीनला बोलेल," तो म्हणायचा. "त्याच्या वर मुकं, त्याच्या खाली बडबडं."

दुसरी सवय मला बोचायची. आम्ही कॉफीला गेलो की तो मागे रेंगाळायचा. परत येऊन पाहावं, तर माझी वाकडी कड सरळ झालेली.

"ताउनो, हे तू केलंस?"

"मी? मी तर बन खात होतो."

बन बशीत तसाच असायचा. मी हसायचो, पण घरी जाईस्तोवर ते मनात सलत राहायचं. माणूस आपली चूक दाखवतो तेव्हा भांडता तरी येतं. हा गुपचूप निस्तरायचा.

माझी तबली मी बिघडवलीच. किसता किसता भान राहिलं नाही आणि ती एक पॉइंट सातवर आली. मेर्वी उजेडात धरून म्हणाली, "ओस्मो, तुम्ही तबली करताय की लिफाफा?" सगळे हसले. त्यात जानेवारीची थंडी, उणे अठ्ठावीस, घरातली हवा कोरडी ठणठणीत. मला वाटलं, लाकडाला थोडी ओल द्यावी. सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवली आणि शनिवारी सौना तापवताना विसरलो. सकाळी तबलीला वीतभर लांब तडा गेला होता. आमच्याकडे हे पहिल्या वर्षाचं पोरही करत नाही. वर्गात मी कोणाला दाखवली नाही.

त्याच आठवड्यात अंगणातला बर्फ ओढता ओढता ताउनो गेला. खोऱ्याच्या दांड्यावर हात तसाच होता म्हणे.

अंत्यविधीनंतर मेर्वीने मला बाजूला घेतलं. "त्याच्या गिटारीची नुसती तबली बसवायची राहिलीय. जाडी अजून दोन पॉइंट सात आहे, पण असू दे. तुम्ही तेवढी पुरी करा. सिल्याला द्यायचीय. तुमच्याशिवाय कोण करणार?"

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

मार्चमध्ये स्कीच्या सुट्टीत शाळा रिकामी होती. किल्ली माझ्याकडे. भर दुपारी दोन वाजता, खिडकीतून बर्फावरचं ऊन आत येत असताना, मी दोन्ही तबल्या बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या. सगळ्यांच्या गिटारी एकाच साच्यावरच्या, त्यामुळे कुठलीही तबली कुठल्याही अंगावर बसते. ताउनोच्या तबलीवर मी दोनदा टकटक केलं. आवाज किती तरी वेळ खोलीत राहिला. माझ्या तबलीवर केलं, तर दारावर केल्यासारखं वाटलं.

मग मी घासकागद घेतला आणि ताउनोच्या नोंदी घासून टाकल्या. भोकाभोवतीचं नक्षीचं कडं बोटभर रुंद केलं आणि ती राळेची रेघ त्याच्याखाली झाकली. ती तबली मी माझ्या गिटारीला बसवली. माझी तडकलेली मागून ठिगळं लावून सांधली, तिलाही तसंच कडं केलं आणि ताउनोच्या गिटारीला चिकटवली. हात अजिबात कापले नाहीत, याची लाज मला नंतर जास्त वाटली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सिल्याला गिटार दिली. तिने तड्याच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"थंडीत उकललं होतं," मी म्हटलं. "मी सांधलंय."

"आजोबांच्या हातून तडा गेला?" तिने विचारलं. "त्यांच्या हातून?"

"होतं असं," मी म्हटलं. "कॉफी घेशील?"

ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझे मलाच ऐकू आले.

माझी गिटार मी घरी बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावली. नऊ एप्रिलला, गुरुवारी सकाळी, खाली फरशीवर रंध्याचे छिलके पडले होते. चिमूटभर, पांढरे, कुरळे. स्प्रूसचा ताजा वास. वाटलं, वर्गातून कपड्यांबरोबर आले असतील. झाडून टाकले.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. तितकेच, त्याच जागी, गिटारीच्या भोकाच्या बरोबर खाली.

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा आम्ही सगळेच बाळगतो, गिटारीच्या पोटात पाहायला. छोटा दिवा आत सोडला, आरसा फिरवला. मी घासून गुळगुळीत केलेल्या जागी शिसपेन्सिलीने लिहिलं होतं.

८.४. — २.६. चालू.

१५.४. — २.५. चालू.

अक्षर ताउनोचं होतं. त्याचे आकडे उजवीकडे कलायचे.

मी खुर्चीवर बसलो. मग उठलो आणि वर्गातलं जाडी मोजायचं यंत्र घेऊन आलो. त्याचा एक लोहचुंबक आत सोडायचा, दुसरा बाहेर धरायचा, की काटा जाडी सांगतो. मीटर खोटं बोलत नाही, यावर मी आयुष्य काढलंय. काटा दोन पॉइंट पाचवर थांबला. बंद डब्याच्या आत, जिथे माझा हात मनगटापुढे जात नाही, तिथे लाकूड कमी होत होतं.

आणि गिटार सुधारत होती. बावीस तारखेनंतर तर मी नुसती तार छेडून खिडकीशी उभा राहायचो. समोर लाम्मासयार्वी तळ्यावरचा बर्फ काळपट पडायला लागला होता, आणि सूर आपला विझतच नव्हता. मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त काय वाटत होतं ते सांगतो. हाव. एक बुधवार अजून, मग दोन पॉइंट तीन.

एकोणतीस एप्रिलला वर्गाचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांच्या गिटारी मांडल्या होत्या. सिल्याही आली होती. मेर्वीने माझी उचलली, वाजवली आणि पुन्हा एकदा वाजवली.

"ओस्मो," ती म्हणाली, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती हं. ही तबली कुठली?"

सांगायची वेळ तीच होती. सिल्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

"होती घरात," मी म्हटलं.

सिल्याने पेराने दोनदा टकटक केलं, अगदी आजोबांसारखं. "छान बोलते, काका," ती म्हणाली. तिच्या आवाजात कुसकट काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं. २.३. पुढे "चालू"च होतं. ताउनोच्या हिशेबाने काम पुरं झालं होतं, मग हे थांबत का नव्हतं?

सहा मेनंतर दोन पॉइंट दोन. तेरा मेनंतर दोन पॉइंट एक. सूर आता पातळ, बडबडा झाला होता. तारा धरणाऱ्या घोडीमागे तबली किंचित खचायला लागली होती. असंच चाललं असतं तर उन्हाळ्यात तारांच्या ताणाने ती आत बसली असती. सोळा वर्षं सुकवलेलं लाकूड, नातीच्या नावाचं, आणि माझ्या भिंतीवर त्याचा भुगा होत होता. माझ्या गप्प बसण्यामुळे.

शनिवारी गिटार घेऊन सिल्याकडे गेलो. नदीकाठच्या घरात ती एकटीच होती. कॉफी नको म्हटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. छिलक्यांचं सोडून. ते सांगायला गेलो असतो तर माझ्या चोरीची गोष्ट ताउनोची गोष्ट झाली असती.

तिने कोपऱ्यातली आपली गिटार उचलून आणली.

"म्हणजे तडा तुमचा होता."

"माझा."

"मी आजोबांना मनात नावं ठेवली, काका. गेलेल्या माणसाला."

मान खाली घातली. मग म्हटलं, "ही घे. ही तबली त्याची आहे. ती माझी भंगार मी नेतो."

तिने आपली गिटार छातीशी धरली. "खरं सांगू? ही हल्ली चांगली वाजायला लागली होती. दर आठवड्याला मोकळी होत होती. मला सवय झालीय हिची."

पोर मला सांभाळून घेतेय असं वाटलं आणि आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हट्टाने ती तिच्या हातातून काढून घेतली. जवळजवळ ओढूनच.

त्या रात्री कित्येक आठवड्यांनी शांत झोपलो.

रविवारी त्या परत आणलेल्या गिटारीकडे पाहिलंही नाही. सोमवारी सकाळी धूळ पुसायला म्हणून भिंतीवरून काढली. बोट तड्यावरून फिरवलं. तडा लागला नाही.

खिडकीशी नेली. सांधा नव्हता. नक्षीच्या कड्याला लागून, माझ्या स्वतःच्या तबलीवर, राळेची एक तपकिरी रेघ बाहेर आली होती, नखाएवढी.

दिवा आणि आरसा आत घातला.

८.४. — १.८. चालू.

१५.४. — १.९. चालू.

एकेक बुधवार, ओळीखाली ओळ. तिकडून जेवढं कमी झालं तेवढंच इकडे. शेवटची ओळ होती:

१३.५. — २.३. झालं.

यंत्र लावलं. दोन पॉइंट तीन.

अंग ताउनोचं, आणि आता तबलीही ताउनोची. जिची होती तिच्याकडेच ती पोचली होती, आणि मी माझा गुन्हा कबूल करून ती पुन्हा तिच्या हातातून ओढून आणली होती.

मी दोनदा टकटक केलं. तो सूर कसा होता ते सांगत नाही.

मंगळवारी सिल्याचा निरोप आला. "काका, आजोबांची गिटार अशी पोकळ का वाजते? मी काही चुकतेय का?"

फोन हातात धरून मी पाऊण तास बसलो. काय लिहायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मग लिहिलं: "जुनं लाकूड आहे. वाजवत राहा, आवाज उघडेल."

बुधवार गेला.

आज गुरुवार, एकवीस मे. सकाळी फरशीवर छिलके होते, चिमूटभर. दिवा आत सोडला.

"झालं" हा शब्द एका आडव्या रेघेने खोडला होता. त्याखाली, उजवीकडे कललेल्या आकड्यांत:

२०.५. — २.२. चालू.