मिठागरापलीकडची हाक

भांडुपला डोंगरावरच्या चाळीत त्या रात्री लाइट गेली आणि सगळी पोरं ओट्यावर येऊन बसली. आपल्या भांडुपची एकेक गोष्ट प्रत्येकाने सांगायची, असं ठरलं. निलेशने घरामागे आलेल्या बिबट्याची सांगितली, श्रुतिकाने पाण्यावरून झालेल्या भांडणाची. हसून झालं. मग कोपऱ्यातले म्हातारे भाऊराव राणे पुढे सरकले.

"माझी हसण्यातली नाय हां. पण खरी. आपला हरेश्वर कोळी, खाडीकडचा. त्याची बायको मथुरा, तिच्याकडूनच तुम्ही मासे घेता. वाटल्यास तिला विचारा..." जरा थांबून ते म्हणाले, "नको. विचारू नका."

आणि त्यांनी सुरुवात केली.

मागल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. पाऊस नाही, वारा नाही. दुपारी पितरांचं पान वाढून झालं, कावळाही लगेच शिवला. संध्याकाळी हरेश्वरचा मुलगा अल्पेश खाडीवर गेला. अमावास्येचं उधाण, होडी वर ओढून बांधायची होती. तासाभराचं काम. पण जेवणं उरकली तरी पोराचा पत्ता नाही. फोनही लागेना.

"अवो, जरा बघून या ना," मथुरा म्हणाली. "बसला असंल कुठंतरी गप्पा मारत. पण आजची रात बरी नाय."

"आणतो कान धरून. तू भाकऱ्या झाकून ठेव."

हरेश्वरने टॉर्च घेतली, हायवे ओलांडला आणि मिठागराच्या बांधाला लागला. वाट जन्मापासूनची. डोळे मिटून गेला असता. दोन वळणं घेतली तसा गाड्यांचा आवाज मागे पडला. एका अंगाला मिठागराचं पाणी, दुसऱ्या अंगाला तिवरांची झाडी.

पुढे कुणीतरी चाललं होतं. अल्पेशच. तीच चाल, तोच उतरलेला डावा खांदा. हरेश्वरचा जीव भांड्यात पडला आणि लगोलग रागही आला.

"अरे, उलटा कुठं चाललास? घर इकडं हाय!"

पोराने वळून बघितलं नाही. हात तेवढा केला. या म्हणून.

होडीचा दोर तुटला असणार, मदतीला बोलावतोय, असं हरेश्वरला वाटलं. तो भराभर मागे निघाला. आपण बांध सोडून तिवरांत शिरलो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. अल्पेशचा.

"बाबा, कुठंयत तुम्ही? फोन बंद पडला होता माझा. नंदूच्या बाईकवरून आलो, पलीकडच्या रस्त्याने. आत्ताच घरी पोचलोय. आई रडायला लागली इकडे."

हरेश्वर थांबला.

पुढचाही थांबला. पाठमोराच.

मग तो बोलला. अल्पेशच्याच आवाजात. हळूच.

"बाबा... फोन ठेवा ना."

हरेश्वरने टॉर्च खाली मारली. पाणी मांड्यांना लागलं होतं. पाय चिखलात. भरती चढत होती.

"बाबा, काय झालं?" कानात.

"बाबा, काय झालं?" समोरून.

एकच आवाज. एकच श्वास.

"इकडे या, बाबा."

"इकडे या, बाबा..."

पोटचा पोर कुठला, तेच कळेना. हरेश्वर कसाबसा बोलला,

"आईला दे. फोन आईकडं दे."

समोरून... काहीच नाही.

कानात मथुरा. "अवो, काय झालं? बोला ना!"

"तू बोल. काय पण बोल. थांबू नको."

ती आधी घाबरली, मग भडकली. या वयात चिखलात कशाला तडफडायला गेलात, भाकऱ्या गार झाल्या, मला काय जीव नाय का... तिचं चालू राहिलं. आणि त्या आवाजाला धरून हरेश्वरने एक पाय उपसला. मग दुसरा. तिवराच्या फांद्या पकडत तो बांधावर आला.

मागे पाणी वाजत होतं.

छप... छप...

हा चालला की चाले. हा थांबला की थांबे.

त्याने मागे बघितलं नाही. घर येईपर्यंत नाही.

दारात अल्पेश उभा होता. हरेश्वर आधी त्याच्या जवळच जाईना. त्याचे पाय बघितले. कोरडे. गालाला हात लावला. ऊन. तेव्हा कुठे तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

ओट्यावर कुणी हलेना.

"मग?" श्रुतिकाने विचारलं. "संपली?"

"सकाळी मथुरा झाडायला बाहेर आली, तर दाराच्या पायरीवर चिखलाची दोन पावलं. अनवाणी. हरेश्वरच्या पायात तर पट्टा आवळलेल्या चपला होत्या... बोटं घराच्या बाजूला. तिने धुतली. पुढं पायरीच काढून टाकली, नवी लादी बसवली. मी स्वतः बघून आलोय."

"मग गेलं ना ते?"

भाऊराव श्रुतिकाकडे वळले.

"अमावास्येला खाडी भरली, की ती लादी ओली होते, गं. सगळी नाय... दोन पावलांपुरती."