येतो म्हणायचं राहिलं

बसा नीट. आणि तू रे, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या शहाण्या, मध्ये हसायचं नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. ही ऐकीव भानगड नाही, माझ्या साडूंच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे.

जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्रीचे साडेनऊ. साडू जेवण आटोपून पेपर तपासायला बसले, तर चष्मा नाही. वर्गातच राहिला होता. कॉलेज दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून पायात चपला सरकवल्या आणि निघाले. इंजिनिअरिंगच्या पोरांना ते इंग्रजी शिकवायचे. ए बी सी डी नाही हं, वरच्या पातळीचं. म्हणजे पोरांना लिहिता-वाचता सगळं येतं, पण मुलाखतीत तोंड उघडलं की मराठीच इंग्रजी कपडे घालून बाहेर पडते, ती सवय मोडायची. माणूस देवासारखा, पण चूक कानावर पडली की डोकं सणकायचं.

त्या वर्गात एक पोरगा होता. सदानकदा वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करत बसायचा म्हणून सगळे त्याला वेल्डरच म्हणत. यंत्रांच्या बाबतीत डोकं भन्नाट. पण वर्ग सुटला की दारात थांबून म्हणायचा, "आय ॲम कमिंग, सर." आपण निघताना 'येतो' म्हणतो ना, तेच त्याने जसंच्या तसं उचललेलं. पोरं खो खो हसायची. नोव्हेंबरात एका संध्याकाळी साडूंनी त्याला दारातच अडवलं. त्याची नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती. तिथे असं बोललास तर वाट लागेल, म्हणाले, बरोबर म्हटल्याशिवाय आज सोडणार नाही.

पोरगा हळूच म्हणाला, "सर, आई म्हणते, जातो म्हणू नये."

"इंग्रजीत चालतं," साडू म्हणाले.

मग घोटून घेतलं. शेवटचा 'ग' ठोकायचा नाही, नाकात विरू द्यायचा, तेसुद्धा. अखेर तो म्हणाला, "आय ॲम गोइंग, सर." अगदी साहेबाच्या तोडीचं. साडूंनी खूश होऊन पाठ थोपटली. पोरगा बाहेर पडला, आणि पुढच्या चौकात त्याला ट्रकने उडवलं. जागच्या जागी गेला.

काही दिवसांनी त्याची आई कॉलेजात आली. शिवणकाम करून पोराला शिकवणारी बाई, इंग्रजीचा गंध नाही. म्हणाली, मला सकाळी येतो सांगून गेला होता, शब्दाचा पक्का आहे माझा मुलगा, तुमच्याकडून निघताना काय म्हणाला? साडू तास आहे म्हणून उठून गेले. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. तो शब्द त्याला मागे घ्यायला लावायचा. पण गेलेल्या माणसाला गाठणार कुठे? बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

तर त्या शनिवारी रात्री साडू वर्गात शिरले. दिव्याचं बटण दाबलं. लागला नाही. चाचपडत टेबलापाशी गेले. चष्मा हाताला लागला. डोळ्यांवर चढवला आणि वळले.

दारात कुणीतरी उभं होतं.

जळक्या लोखंडाचा वास आला. साडूंनी ओळखलं. भीतीपेक्षा आशा मोठी. ते म्हणाले, "बाळा, माझं चुकलं. तुझंच बरोबर होतं. आय ॲम कमिंग म्हण."

साडू एक पाऊल पुढे सरकले.

"एकदाच म्हण. आई वाट बघतेय..."

मग आवाज आला. त्यांनी शिकवला होता तसाच. एक चूक नाही.

"आय ॲम गोइंग, सर."

"नको रे... मराठीत म्हण. येतो म्हण."

"आय ॲम गोइंग, सर."

पुन्हा तेच. पुन्हा...

मग दार रिकामं.

साडू घरी कसे पोचले, त्यांचं त्यांना माहीत. सकाळी उजाडताच बेल वाजली. दारात वेल्डरची आई. चेहऱ्यावर हसू. ती सांगायला लागली, रात्री मुलगा आला होता, दाराबाहेरून बोलला, मी कडी काढेपर्यंत कुणी नव्हतं. इंग्रजीत बोलला हो, मला काही कळलं नाही. तुम्ही अर्थ सांगाल म्हणून रात्रभर घोकत बसले.

आणि तिने म्हणून दाखवलं. जन्मात इंग्रजी न बोललेली बाई. शेवटचा 'ग' तिने ठोकला नाही.

"काय म्हणाला तो?" तिने विचारलं. "येतो म्हणाला ना?"

साडूंनी चष्मा काढून हातात घेतला.

"हो," ते म्हणाले. "येतो म्हणाला."

"मग आता मी दाराला कडी लावत नाही," ती म्हणाली.