ठेवा आणि काढा

१९९३ साली मी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रोग्रामर होते. कामगारांच्या याद्या बदलणारी स्क्रिप्ट माझी. नावासोबत 'के' हा पर्याय दिला की नाव ठेवायचं, 'आर' दिला की काढायचं. दोन्ही एकदम आले तर काहीही न करता थांबायचं. एवढी एक तपासणी लिहायची राहिली होती.

ती लिहायला बसले त्या शनिवारी लेकीला ताप होता. तिला सांभाळणाऱ्या कलावतीकाकूंचे वाण्याकडून दोन फोन येऊन गेलेले. नंतर लिहू, म्हणून मी निघाले, आणि चार दिवस घरीच राहिले.

माझ्या मागे दामाजी नावाच्या कामगारासाठी त्याच्या खात्याने 'काढा' कळवलं, गेटने 'ठेवा'. याद्या टाइप करणाऱ्या मंदाकिनीने दोन्ही पर्याय एकाच ओळीत टाइप केले. स्क्रिप्ट निमूट चालली. गेटच्या यादीत नाव राहिलं, खात्याच्या आणि कँटीनच्या यादीतून गेलं.

"सरोज, वॉचमन म्हणतो दामाजी रोज आत येतो," मी कामावर परतले तेव्हा आमचे साहेब श्रीपाद सर म्हणाले. "खात्यात मात्र कुणाला दिसत नाही. स्क्रिप्ट बरोबर आहे ना?"

"हो सर. मंदाकिनीचंच टायपिंग चुकलं असेल."

मंदाकिनी समोरच होती. तिने कीबोर्डवरची बोटं उचलून मांडीवर ठेवली.

दुपारी दामाजीची बायको सगुणा गेटवर आली.

"बाय, धनी घरी येतो, पाटावर बसतो. पन जेवत नाय."

"आजारी असतील, सगुणाताई."

"हात घालतो गं ताटात. भाताला खळगा पन पडत नाय."

चूक माझी, एवढंच म्हणायचं होतं. मी वर गेले आणि गुपचूप ती तपासणी लिहिली. चार ओळी. मग दामाजीचं नाव आणि फक्त 'के' दिलं.

'दोन्ही पर्याय एकत्र चालणार नाहीत.'

संदेश माझाच. मी टाइप केलेली ओळ पुन्हा वाचली. पर्याय एकच होता.

पुन्हा दिलं. तेच.

जिन्यात श्रीपाद सरांचा आवाज आला. मी तपासणी पुसली, 'के' दिलं. चाललं.



शनिवारी सगुणा कोळंबी घेऊन आली.

"तुमी नाव लावलं म्हनं. जेवाला लागला."

"बरं झालं."

ती गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आता धन्याचीच दोन ताटं वाढते," ती हळूच म्हणाली. "बाय, तुमीच सांगा. कंचा ठेवू?"