बापूजींच्या झाडाला पाणी कोण घालतं?

शुक्रवार, ८ मे १९३६. सकाळी साडेसहाला मंजूच्या अंगणातल्या आफ्रिकी झाडाची एक फांदी मोडून पडली. वारा नव्हता.

"आतून सडलीय!" तिच्या मित्रानं, भुजंगनं, नाक दाबलं. "मेलेल्या उंदरावानी वास!"

मंजूचे डोळे भरून आले. आफ्रिकेतलं दुकान बंद करून परतताना तिच्या वडिलांनी, बापूजींनी, हे रोप आणलं होतं. तिकडचे लोक म्हणे याच्या फांद्या पोखरून बाणांचे भाते करतात. खोडात पाणी साठवणारं असं झाड अख्ख्या जालन्यात दुसरं नव्हतं. बापूजींनी ते मुरूम-दगडांच्या उंचवट्यावर लावलं आणि मुलांना बजावलं, "उन्हाळाभर हे झोपतं. थेंबसुद्धा पाणी द्यायचं नाही!"

गेल्या वर्षी बापूजी वारले. आता त्यांचं म्हणून हेच उरलं होतं.

मैत्रीण उषानं मुरमात बोट खुपसलं. "अगं, हे तर ओलं हाय!"

"कुणीतरी झाडाला मुद्दाम मारून राह्यलंय!" भुजंग म्हणाला.

"मंग चोर धरायचाच!" मंजू म्हणाली. सुट्टीच होती. मंजूचे काका भागचंद यांनी चोर धरला तर शाबासकी कबूल केली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच तिघं सरकीच्या पोत्यांमागे दबून बसली.

"घोरू नको, भुजंग्या!" उषा कुजबुजली.

"मी? तूच डुलक्या घेऊन राह्यली!"

"श्शू!"

तांब्या घेऊन कुणीतरी आलं. मंजूची आई, लाडबाई! वर्षभर ती विधवेच्या रीतीप्रमाणे आतल्या खोलीत कोपऱ्यात बसून होती. आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाणी देतात. त्या दिवसापासून ती रोज झाडाला पाणी घालायला येत होती.

"प्या जी," ती झाडाला हळूच म्हणाली. "लई ऊन हाय."

तेवढ्यात काका ओसरीवर आले. "सापडला का चोर? शाबास पोरांनो!"

ती शाबासकी मंजूला चापटीसारखी लागली. ती पुढे झाली. "मां, त्याला पाणी सोसत न्हाई. बापूजी सांगून गेल्ते."

लाडबाईचा हात थांबला. "सगळ्यांना सांगितलं? मला का न्हाई कुणी सांगितलं?"



त्याच दिवशी मुलांनी नवं रोप लावायला झाडाचा निरोगी शेंडा कापला. त्याची कापलेली बाजू पंधरा दिवस सावलीत सुकवली आणि तो कोरड्या मुरमात रोवला. जुनं झाड चार जूनला कोसळलं.

तीस जूनपर्यंत शेंड्याला नवं पान आलेलं नाही. जुनी पानं हिरवी आहेत. खाली मूळ धरलंय की नाही, ते उकरून पाहायला लाडबाईनं मनाई केली आहे.